जमिनीचा पोळा

महसूल खात्याच्या चाकरीत ज्याची उमेदीची तीस वर्षे सातबाराचे उतारे, फेरफाराच्या नोंदी आणि बांधावरचे कज्जे ह्यांत खर्ची पडली, त्या मनुष्यास एखाद्या रमणीय समुद्रतीरावर नेऊन उभे केले तरी त्याची दृष्टी क्षितिजाकडे न जाता प्रथम पायाखालच्या जमिनीची प्रत पारखू लागते. हा माझा दोष माझ्या पत्नीने लग्नाच्या पहिल्याच वर्षी हेरला होता, आणि स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर तिला त्याचे नवे प्रमाण मिळाले. तेथे शेते संपतात परंतु समुद्र अद्याप सुरू झालेला नसतो, अशा मधल्या जागेत वाळूच्या टेकाडांचा, खुरट्या गवताचा आणि काटेरी झुडपांचा एक पट्टा पसरलेला असतो. त्यास तिकडे 'लिंक्स' म्हणतात. नांगर तेथे चालत नाही, पीक धरत नाही, खारा वारा झाडास डोके वर काढू देत नाही. आमच्या दप्तरात अशा क्षेत्रापुढे 'पोटखराब' असा शेरा पडतो आणि सरकारदेखील त्यावर आकार बसवीत नाही. गोल्फ हा खेळ ह्या पोटखराब जमिनीचे अपत्य. जिचा कोणास उपयोग नाही अशा भूमीवरच, जिचा कोणास उपयोग नाही अशी एक क्रिया जन्मास यावी, ह्यात योगायोगाहून काही अधिक असावे अशी शंका मला आली ती एका रविवारी, आणि तीही स्वतःच्या फजितीतून.

हा खेळ मला उशिरा लागला. देवळालीस असताना शेजारच्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने माझ्या हाती प्रथम काठी दिली, आणि त्या दिवसापासून सुट्टीच्या सकाळी घरात माझा पत्ता लागेनासा झाला. आमची कन्या नोकरीनिमित्त एडिंबरोस असते. तिच्याकडे गेलो असता सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान न पाहता परतणे म्हणजे देहूस जाऊन इंद्रायणी न पाहण्यासारखे होईल, असे मी घरात जाहीर केले. आणि शनिवारी सकाळी भाड्याची मोटार घेऊन आम्ही दोघेच निघालो. मागच्या बाकावर माझी काठ्यांची पिशवी, पुढे तिच्या मांडीवर नकाशा आणि दशम्यांचा डबा. सरळ रस्त्याने अंतर सुमारे ८० किलोमीटरचे; परंतु तिच्या आग्रहावरून आम्ही किनाऱ्याची, वळणावळणांची वाट धरली.

फोर्थच्या खाडीवर तीन शतकांचे तीन पूल शेजारी शेजारी उभे आहेत, १८९० चा आगगाडीचा, १९६४ चा मोटारींचा आणि २०१७ चा नवा. त्या नव्या पुलावर, वाऱ्याने मोटार किंचित हेलकावत असता, तिने विचारले, "अहो, मला एवढंच सांगा. तो चेंडू त्या खळग्यात पडला, तर कोणाचं काय भलं होतं?"

"कोणाचंच नाही," मी म्हणालो.

"आणि नाही पडला तर?"

हा प्रश्न तिचा एकटीचा नव्हे. तो फार जुना आहे, आणि तो माझ्यासारख्या क्षुद्र जीवावर नव्हे तर साक्षात ईश्वरावर घेतला गेलेला आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्षी म्हणतो की प्रयोजनावाचून कोणीही शहाणा प्रवृत्त होत नाही. परमेश्वर तर आप्तकाम, त्यास मिळवावयाचे असे काहीच उरलेले नाही. मग विश्वाचा हा एवढा उपद्व्याप त्याने मांडला तरी कशासाठी? ह्यावर बादरायण पुढील सूत्रात जे उत्तर देतात ते 'लीला' ह्या एका शब्दावर तोललेले आहे, आणि शंकराचार्यांनी भाष्यात त्यासाठी दोन दृष्टान्त योजिले आहेत. पहिला राजाचा, किंवा राजाच्या अमात्याचा: ज्याच्या साऱ्या इच्छा पुरल्या आहेत तो क्रीडाविहारात रमतो तो काही मिळवावे म्हणून नव्हे. दुसरा श्वासोच्छ्वासाचा, जो बाह्य हेतूची वाट न पाहता स्वभावतःच चालतो. पहिला दृष्टान्त मला कधी पुरता पटलेला नाही. राजाच्या क्रीडेमागे रयतेचा वसूल उभा असतो, हे ज्याने स्वतः वसुली केली आहे त्यास निराळे सांगावे लागत नाही. दुसरा मात्र अचूक आहे. श्वास घेताना उपयोगाचा विचार कोणी करीत नाही, आणि जो करू लागला त्यास धाप लागली आहे असे खुशाल समजावे.

हे सर्व मी गाडी हाकता हाकता तिला यथासांग सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "देवाचं ठीक आहे. त्याला पेन्शनीत भागवावं लागत नाही."

कर्कॉडी गावातून आम्ही न थांबताच गेलो. १७२३ मध्ये येथे जन्मलेल्या अ‍ॅडम स्मिथने मनुष्याच्या प्रत्येक देवघेवीमागील प्रयोजनाचा शोध घेतला, आणि आम्ही तर त्या दिवशी निष्प्रयोजनाच्या बाजूने वकीलपत्र घेऊन निघालो होतो. खाडीच्या पलीकडच्या तीरावर राहणारा त्याचा स्नेही डेव्हिड ह्यूम मला अधिक जवळचा वाटतो. कार्यकारणभावाची पाळेमुळे खणता खणता बुद्धी अंधारून आली, की आपण मित्रांसह जेवतो, फाशांचा पट मांडतो, आणि तीन-चार तासांनी तेच विचार इतके थंड व हास्यास्पद भासू लागतात की पुन्हा त्यांत शिरण्यास मन घेत नाही, अशी कबुली त्याने आपल्या तरुणपणीच्या ग्रंथात देऊन ठेवली आहे. तत्त्वज्ञानावर उतारा म्हणून खेळाची शिफारस करणारा तत्त्वज्ञ मला दुसरा आठवत नाही. आमच्याकडील आचार्यांनी खेळ परमेश्वराकडे सोपवला आणि स्वतः मात्र वाद करीत राहिले.

दुपारी क्रेलच्या लहानशा बंदरावर दगडी कठड्यावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. ह्या चिमुकल्या गावाची गोल्फमंडळी १७८६ साली स्थापन झालेली आहे, म्हणजे पुण्यास सवाई माधवरावांच्या नावाने नाना फडणीस कारभार पाहत होते तेव्हाची. सीगल पक्षी आमच्या डब्याभोवती ज्या चिकाटीने घिरट्या घालीत होते ती पाहून मला तालुक्याच्या कचेरीची फार आठवण झाली.

ह्या देशाच्या दप्तरात गोल्फचा जो पहिला उल्लेख सापडतो तो मनाईहुकमाच्या रूपाने, हे कोणत्याही खेळास भूषणच म्हटले पाहिजे. १४५७ साली दुसऱ्या जेम्स राजाच्या पार्लमेंटने फर्मान काढले की गोल्फ आणि फुटबॉल बंद करावेत व लोकांनी धनुर्विद्येचा सराव करावा. राजाची हरकत प्रयोजनाची होती: बाण शत्रूस लागतो, चेंडू कोणास लागत नाही. पुढे १५५२ मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टनच्या सनदेने सेंट अँड्र्यूजच्या रहिवाशांचा लिंक्सवर खेळण्याचा हक्क लेखी मान्य झाला. त्याच सनदेने आर्चबिशपास तेथे ससे पाळण्याची मुभा मिळाली. खेळाची वहिवाट आणि सशांची बिळे एकाच कागदावर! ह्यातून कज्जा उद्भवणार हे कोणताही कारकून सांगू शकला असता, आणि तो अडीचशे वर्षांनी उद्भवलाच. नगरसभा कर्जात बुडाली, १७९७ मध्ये लिंक्स तिच्या हातून गेली, नव्या धन्यांनी सशांची पैदास मांडली, आणि खेळाडू व ससेवाले ह्यांच्यात वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या व हाणामाऱ्या चालल्या. १८२१ मध्ये शेजारच्या एका जमीनदाराने, जो स्वतः खेळाडू होता, ती जमीन विकत घेतली तेव्हा कोठे ससे हटले. मी हे प्रकरण पत्नीस इतक्या तन्मयतेने सांगत होतो की एक वळण चुकलो.

दरम्यान स्कॉटलंडचा धर्म बदलला होता. १५५९ मध्ये जॉन नॉक्सने सेंट अँड्र्यूजमध्ये प्रवचने केली, जमावाने कॅथीड्रलमधील मूर्ती व वेदी फोडल्या, आणि देशातील त्या सर्वांत विशाल मंदिराचे हळूहळू भग्नावशेष झाले. नव्या पंथास उत्सव नको होते, संतांचे दिवस नको होते; त्याने वर्षातले बहुतेक सारे सण काढून टाकले आणि बदल्यात दर आठवड्यास एक वार कडकडीत पाळावयास दिला. राजाची हरकत प्रयोजनाची होती, ह्यांची वाराची झाली. एडिंबरोच्या नगरसभेने १५९२ मध्ये रविवारच्या गोल्फवर बंदी घातली. बायबलातील परमेश्वराने सहा दिवस सृष्टी निर्माण केली आणि सातव्या दिवशी विश्रांती घेतली, म्हणून मनुष्यानेही घ्यावी, त्याच्या चाकरांनी घ्यावी, त्याच्या गुराढोरांनीही घ्यावी, अशी ती शब्बाथाची आज्ञा आहे. ह्या परमेश्वराचे वर्णन मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला एक अत्यंत कर्तव्यदक्ष अधिकारी दिसतो, जो प्रत्येक संध्याकाळी झालेल्या कामाची तपासणी करून ते ठीक असल्याचा शेरा मारतो. त्याने खेळ केला असे कोठे म्हटलेले नाही. तो काम करतो, आणि मग थांबतो.

आम्ही शनिवारी तिसऱ्या प्रहरी मुक्कामी पोहोचलो. एकट्याने आलेल्या खेळाडूस कोणाच्या तरी चौकडीत जागा मिळते असे ऐकून होतो, म्हणून रविवारी पहाटेच उठून, दाढी करून, पिशवी खांद्यास लावून मी पहिल्या होलपाशी जाऊन उभा राहिलो. तेथे कोणीच नव्हते. जगभरचे लोक ज्या जागेसाठी महिनोन्महिने अर्ज करून बसतात ती जागा सकाळी सात वाजता मोकळी होती, आणि क्षणभर मला वाटले की दैव आज प्रसन्न आहे. इतक्यात एक वृद्ध गृहस्थ, ज्याचा कुत्रा खुशाल हिरवळीवर लोळत होता, माझ्या पिशवीकडे पाहून हसला. त्याने सांगितले की जुने मैदान रविवारी बंद असते. मोठ्या स्पर्धांचे रविवार सोडले तर बंदच. त्या दिवशी ते मैदान नसून गावचे उद्यान असते, आणि कोणीही यावे, हिंडावे, कुत्र्यास फिरवावे. ज्यासाठी एवढा प्रवास केला ते स्थळ वारावरून मला नाकारत होते, आणि कुत्र्यास मात्र मज्जाव नव्हता.

ह्या प्रथेस टॉम मॉरिसचे नाव जोडले जाते. १८६० नंतरच्या दशकापासून सुमारे चाळीस वर्षे ह्या मैदानाची राखण त्याच्याकडे होती, आणि रविवारी खेळू मागणाऱ्यास तो सांगे म्हणतात की तुम्हांस विश्रांती नको असेल, पण मैदानास हवी आहे. मी हॉटेलवर परतून हे पत्नीस सांगितले, काहीशा रागानेच. ती केस विंचरीत होती. आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाली, "म्हणजे जमिनीचा पोळा म्हणा की."

तिचे माहेर वऱ्हाडातले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी होते, जुवाने घट्टे पडलेले बैलांचे खांदे लोणी-हळदीने चोळले जातात, त्यांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आवतण दिले जाते, आणि पोळ्याच्या दिवशी काहीही झाले तरी त्या खांद्यावर जू चढत नाही. हे तिने लहानपणापासून पाहिलेले. तिच्या त्या वाक्याने मी दिवसभर अडकलो. शब्बाथाची आज्ञा वरून येते. ती धन्यास दिलेली असते आणि धन्याच्या मार्फत बैलास मिळते. पोळ्याचा हुकूम कोणी काढलेला नाही. तेथे विश्रांती ही आज्ञा नसून देणे आहे, वर्षभर ज्याच्या खांद्यावर पोट भरले त्याचे. टॉम मॉरिस हा नॉक्सच्या देशातला. त्याने रविवार पाळला तो परमेश्वराच्या आज्ञेसाठी, ह्यात शंका नाही. परंतु कारण विचारले तेव्हा त्याच्या तोंडून निघाले ते गवताचे कारण. बायबलातही जमिनीस दर सातव्या वर्षी पडीक ठेवण्याची आज्ञा आहेच. पण हा मनुष्य आज्ञा सांगत नव्हता, तो वर्षानुवर्षे जिच्यावर गुडघे टेकून खळगे बुजवले त्या जमिनीची बाजू मांडत होता. धर्मशास्त्र आणि शेतकीचा जिव्हाळा ह्यांची एवढी सहज सरमिसळ मी क्वचितच पाहिली आहे.

मग आम्ही दोघे त्या मैदानात फिरावयास गेलो, काठ्यांवाचून. गावातील आयाबाया बाबागाड्या ढकलीत होत्या. येथील स्थळांची नावे एखाद्या प्रवचनकाराने ठेवली असावीत अशी आहेत: अठराव्या होलपुढील खोलगट जागा ती 'पापाची दरी', चौदाव्यावरचा वाळूचा प्रचंड खड्डा तो 'नरक'. ज्या पापाच्या दरीत नामांकित खेळाडूंची वर्षानुवर्षांची पुण्याई वाहून गेली, तिच्या उतारावरून त्या सकाळी दोन मुले अंग टाकून गडगडत खाली येत होती आणि पुन्हा धावत वर जात होती. त्यांच्याकडे कार्ड नव्हते, पेन्सिल नव्हती. माझी पत्नी तेथे बराच वेळ उभी राहिली.

आणि मला जाणवले की मी ज्यास निष्प्रयोजन क्रिया म्हणून पुलावर एवढा युक्तिवाद केला, त्या गोल्फइतका हिशेबी खेळ दुसरा नाही. इतर खेळांत पंच असतो. येथे बहुधा खेळाडूच स्वतःचा चित्रगुप्त असतो. प्रत्येक फटका लिहावा लागतो, चुकलेलाही, कोणी न पाहिलेलाही. बॉबी जोन्सने १९२५ च्या अमेरिकी स्पर्धेत आपला चेंडू किंचित हलल्याचे स्वतःच सांगून स्वतःवर एक फटका चढवला, आणि अखेरीस बरोबरी होऊन फेरखेळात एका फटक्याने तो हरला. चार वर्षे आधी ह्याच सेंट अँड्र्यूजमध्ये अकराव्या होलवर वाळूतून चेंडू निघेना तेव्हा त्याच तरुणाने आपले कार्ड फाडून टाकले होते. जग त्या १९२५ च्या प्रसंगाचे गोडवे गाते, आणि ते योग्यच आहे. पण लीलेच्या दृष्टीने पाहिले तर मला वाटते, कार्ड फाडले त्या क्षणी तो तिच्या अधिक जवळ असावा. फक्त रागाने फाडले, हसून फाडावयास हवे होते. शिवाय प्रत्येक खेळाडूस एक 'हँडिकॅप' चिकटलेला असतो, जो त्याच्या मागच्या साऱ्या चुकांचा संचित आकडा असून पुढच्या प्रत्येक डावात त्याच्याबरोबर उतरतो. ह्यास प्रारब्ध म्हणावयाचे नाही तर दुसरे काय म्हणावयाचे?

दुपारी कॅथीड्रलच्या भग्न भिंतींआड असलेल्या स्मशानभूमीत गेलो. तेथे टॉम मॉरिसच्या मुलाचे, धाकट्या टॉमचे, स्मारक आहे. डोक्यास टोपी, हातात काठी, चेंडूवर वाकलेला. ओपन स्पर्धा त्याने लागोपाठ चार वेळा जिंकली, १८६८ पासून १८७२ पर्यंत, मधल्या एका वर्षी ती भरलीच नव्हती म्हणून. १८७५ च्या सप्टेंबरात तो वडिलांसह खाडीपलीकडे नॉर्थ बेरिक येथे सामना खेळत असता पत्नीच्या प्रसूतीची अवघड अवस्था कळवणारी तार आली. एका गृहस्थाने आपले शिडाचे जहाज दिले. ज्या खाडीवरून आम्ही आदल्या दिवशी पाच मिनिटांत गप्पा मारीत आलो होतो ती त्याने वाऱ्याच्या भरवशावर ओलांडली, आणि घरी पोहोचला तेव्हा पत्नी व बाळ दोघेही गेलेली होती. त्याच वर्षीच्या नाताळात, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तोही गेला. बापाने पुढे तीस वर्षांहून अधिक काळ काढला.

पत्नीने सारे ऐकले. मग विचारले, "ती गेली तेव्हा हा खेळत होता?"

मी हो म्हणालो. त्यापुढे ती काही बोलली नाही, आणि मीही लीलेची गोष्ट काढली नाही. कोणत्याही सिद्धान्ताची परीक्षा स्मशानात घ्यावी. ह्या परीक्षेत लीलावाद मला नेहमीच थोडा निर्दय वाटत आला आहे. हे सारे ईश्वराने खेळ म्हणून मांडले, असे त्या स्त्रीच्या कबरीपाशी म्हणण्यास जीभ धजत नाही. आणि त्याने सहा दिवस राबून, तपासून, ठीक आहे असा शेरा मारला, असे म्हणण्यासही धजत नाही.

परतताना वेस्ट सँड्सच्या लांबलचक वाळूवरून चाललो. एरिक लिडेलच्या जीवनावरील चित्रपटात तरुणांचा जथा धावत येतो तो ह्याच वाळूवर. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक शर्यत रविवारी असल्यामुळे तो धावला नाही, आणि नंतर चारशे मीटरमध्ये जिंकला. त्याचे धावणे आणि न धावणे ही मला एकाच उपासनेची दोन अंगे वाटतात. ओल्या वाळूत पावले उमटत होती. ती म्हणाली, "चंद्रभागेच्या वाळवंटात बायका फुगडी घालतात ना, तसंच आहे." मला तुकोबांच्या गाथेतील विटीदांडू, चेंडूफळी आणि हमामा आठवले. ज्यांच्या देवाने यमुनेत चेंडू घालवला असे आपण पोरांना सांगतो, त्या आम्ही लोकांनी पुढे पोरांच्या हातून चेंडू काढून घेऊन अभ्यासाचे पुस्तक दिले; खेळ तेवढा वारीत आणि देव्हाऱ्यात राहू दिला. आणि ज्यांचा देव कधी खेळला नाही त्यांनी पोटखराब जमिनीवर खेळ रचून, त्यास नियमांची बाडे जोडून, तो जगभर पाठवला. दोघांपैकी कोणी देवाचे अधिक ऐकले, हे ठरवण्याचा अधिकार माझ्या हुद्द्यास नाही.

सोमवारी एकट्या खेळाडूंच्या सोडतीत माझे नाव निघाले नाही. आम्हांस परत निघावयाचे तर दुपारी होते. मधला वेळ कसा काढावा ह्या विचारात असता मैदानाच्या कडेस एक उंचसखल हिरवळ दिसली, जिला तेथील लोक चक्क 'हिमालय' म्हणतात. १८६७ साली स्थापन झालेल्या स्त्रियांच्या पटिंग क्लबाची ती जागा. काठी खांद्याच्या वर नेणे त्या काळी बायकांस अशोभनीय मानीत, म्हणून त्यांच्या वाट्यास चेंडू जमिनीवरून हलकेच ढकलण्याचा एवढाच खेळ आला. आता काही पौंड मोजले की कोणासही तेथे प्रवेश मिळतो. खिडकीतल्या बाईने आम्हांस प्रत्येकी एक पटर, एक चेंडू, एक कार्ड आणि एक आखूड पेन्सिल दिली. पत्नीने आयुष्यात प्रथमच काठी हाती धरली, पदर खोचला, आणि चेंडू ढकलला. तो एका उंचवट्यावर चढला, विचार केल्यासारखा थांबला, आणि आल्या वाटेने तिच्या पायाशी परत आला. ती इतकी मोठ्याने हसली की पलीकडच्या खेळाडूंनी मान वर केली.

मी माझे अठरा पूर्ण केले; कार्डावर एकावन्न फटके भरले. ती शेवटच्या खळग्यापाशी पोहोचली तेव्हा मी विचारले, "तुझे किती झाले?"

"काय किती?" ती म्हणाली, आणि चेंडू उचलून पुन्हा पहिल्या खळग्याच्या दिशेने चालू लागली. पेन्सिल तिने अंबाड्यात खोवली होती.